डावा खाली, उजवा वर

पाच महिने आमचे हे घरात बसून होते. बसून म्हणायचं आपलं, बसत कुठे होते! सकाळी उठून सगळ्या खिडक्या उघडायच्या, मग वारा येतो म्हणून लावायच्या, मग न गळणारा नळ गळतो का ते बघायचं, आणि तिथून जिना उतरून माझ्या दुकानात. दुकान घराच्या खालीच आहे. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते, स्टीअरिंगला चामडं चढवते, लोंबायला लागलेली छतं बदलते. सगळा भाग मला कुशनवाली म्हणतो, आणि माझ्या नाकावर राग असतो हेही सगळ्या भागाला ठाऊक आहे. मशीनवर बसले की मागे कोणी उभं राहिलेलं मला चालत नाही. हे नेमके मागेच येऊन उभे राहायचे.

"शिवण तिरकी जातेय तुझी."

"तुम्ही तिरके उभे आहात. व्हा बाजूला."

जेवायला बसलं तरी टेबल हादरायचं. एकदा वाकून पाहिलं, तर यांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबत होता. गोष्टी चालल्या होत्या भाजीत मीठ कमी असल्याच्या, आणि पाय कुठल्या तरी वळणावर होता. मला हसू आलं आणि लगेच विरलं. तेव्हापासून मी टेबलाखाली बघायचं सोडून दिलं.

यांचं काम सात मुलांना टेकडीवरच्या शाळेत न्यायचं आणि आणायचं. गाडी आमची स्वतःची, आठ जणांची, ऑटोमॅटिक. तिच्या सीट मीच शिवल्यात. प्रत्येक मुलाच्या जागेला वेगळ्या रंगाची गोट लावलीय, म्हणजे भांडणं नकोत. मुलांची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत. मी त्यांना निळी, केशरी, तांबडा अशीच ओळखते. सगळ्यात लहान ती पिवळी. तिचे पाय सीटवरून खाली टेकत नाहीत.

पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय तीन आठवड्यांत परत आला. तोंड तर चौथ्या दिवशी सुरू झालं, त्याची मला मुळीच काळजी नव्हती. हातानं मात्र वेळ घेतला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला होता. हे तो डोळ्यांसमोर धरून तासन् तास दाबत बसायचे. शर्टाची बटणं आरशासमोर उभं राहून लावायचे. "नवरदेव झालात की हो," असं मी एकदा म्हटलंही. शेवटी डॉक्टरांनी यंत्रावर पकड मोजली आणि ताकद पुरेशी आहे असं लिहून दिलं.

तो कागद घेऊन हे परवाना कचेरीत गेले. तिथे सांगितलं, मुलांची ने-आण करायची तर आजारपणानंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. परीक्षक शेजारी बसणार, टेकडी चढून उतरायची. गुरुवारी अकरा वाजता. पास झालात तर सोमवारपासून मुलं तुमची, नाहीतर परवाना जमा.

खरी अडचण उताराची होती. आमची गाडी सपाटीवर आपले आपण गिअर बदलते, पण त्या टेकडीच्या उतारावर लिव्हर हाती घेऊन गिअर खाली आणावा लागतो, नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवून चालत नाही. लिव्हर डाव्या हाताला. हे म्हणाले, "खांदा आखडलाय. हात लिव्हरपर्यंत पटकन जात नाही. पण बोटं ठणठणीत आहेत. स्टीअरिंगच्या मागे ती पॅडल असतात बघ महागड्या गाड्यांना, तशी बसवली तर? हात चाकावरच राहील. नुसतं बोटानं ओढायचं. डावं ओढलं की गिअर खाली, उजवं ओढलं की वर."

मला कल्पना पटली. खरं सांगायचं तर यांना घराबाहेर काढणारी कुठलीही कल्पना मला त्या दिवसांत पटली असती.

धाकटे दीर गाड्यांचे वायरमन आहेत. त्यांनी कुठूनशी पॅडलांची जोडी आणली आणि सोमवारी लिव्हरच्या वायरींमधून दोन फाटे काढून स्टीअरिंगच्या दांड्यापर्यंत आणून ठेवले. गिअर खाली आणायचा तो पिवळा, वर न्यायचा तो निळा. पुढचं काम माझं. स्टीअरिंगं काढणं-घालणं मी रोज करते, चामडं चढवायचं तर ते करावंच लागतं.

"बॅटरी काढून पंधरा मिनिटं थांबा हं वहिनी," भाऊजींनी तीन वेळा बजावलं. "एअरबॅग तोंडावर फुटली तर?"

"यांच्या तोंडावर फुटू दे. तेवढीच शांतता."

मंगळवारी दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बॅटरी काढली. पंधरा मिनिटांत हे गाडीभोवती अकरा फेऱ्या मारून आले, मी मोजल्या. मग मधली एअरबॅग सोडवली, नट काढायच्या आधी दांड्यावर आणि चाकावर खुणेचा ओरखडा मारला आणि चाक उपसून माझ्या कापायच्या टेबलावर पालथं ठेवलं.

आता माझ्या धंद्याची एक सवय सांगायला हवी. कव्हर शिवताना कापड कायम उलटं असतं. उलट्या बाजूवर मी खडूनं जसं दिसतं तसं 'डा' आणि 'उ' लिहिते, आणि शिवताना मनातल्या मनात उलटवून घेते, कारण सुलट केल्यावर डावं उजवीकडे जातं. पंचवीस वर्षं ही उलटापालट बोटांत मुरलीय. त्या दिवशी मात्र मी जास्तीचा शहाणपणा केला. वायरीचं काम आहे, चूक नको, म्हणून आधीच उलटवून खुणा केल्या. गाडीत बसल्यावर जी बाजू डावी होणार तिथेच 'डा' लिहिलं. मनाशी म्हटलं, झालं, आता विचारच नको.

पॅडल बसवायला दोन छोटी भोकं पाडली, स्क्रू आवळले. चामडं सोडवून वायरी आतून घेतल्या, अंगुस्तान घालून पुन्हा टाके घातले. हे माझं बोटातलं पितळी टोपण लग्नाआधीपासूनचं आहे, खड्डे पडून पडून पार झिजलंय. हे मागे येऊन उभे होतेच, उजव्या हातात चहाचा कप, डाव्या हातात बशी.

"किती वेळ लागेल अजून?"

"तुम्ही विचारलंत की दहा मिनिटं वाढतात."

"अगं पण परवा परीक्षा..." असं म्हणत यांनी दाराबाहेर पाहिलं, आणि बशी खळ्ळकन फरशीवर. तुकडे पार मशीनखाली.

"लक्ष कुठे असतं हो तुमचं? एक बशी धरवत नाही?"

"घसरली," हे म्हणाले. एवढंच. एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारा माणूस, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी झाडू आणला, तुकडे भरले, धुसफुसत हात धुतले आणि पुन्हा टेबलाशी आले. खडूचा 'डा' दिसला. डोक्यात राग, बोटांत सवय. खूण उलटवायची ती बोटांनी आपोआप उलटवली. डाव्याची वायर उजव्याला, उजव्याची डाव्याला. आधीच सुलट केलेलं मी पुन्हा उलटं केलं, आणि तशाच वायरी जोडून, सोल्डरचा डाग देऊन, टेप गुंडाळून चाक गाडीत चढवून टाकलं.

बुधवारी सकाळी आम्ही पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर गेलो. मी शेजारी. वर गाडी थांबवून यांनी लिव्हरकडे बघत ती हातानं गिअर बदलायच्या खाचेत सरकवली, समोर दोनाचा आकडा उजळला आणि आम्ही निघालो. सुरुवातीला गाडी एक गचका देऊन सैल सुटली. यांचे खांदे ताठ झाले. मग काय झालं कळलं नाही, पण इंजिन घुमलं, गाडीनं उताराला पाठ टेकली आणि आम्ही लोण्यातून सुरी जावी तसे खाली आलो. वळणावर पुन्हा तसंच. हे शीळ घालायला लागले. पाच महिन्यांनी यांची शीळ ऐकली. मला इतका आनंद झाला की मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. रडू आलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं यांनी.

तीन वेळा वर गेलो, तीन वेळा खाली आलो. तिसऱ्या खेपेला माझं लक्ष यांच्या बोटांकडे गेलं. उजवं पॅडल ओढलं आणि आकडा तिनाचा दोन झाला.

"थांबा, थांबा. उजवं ओढलं आणि खाली कसं आलं?"

"चाललंय ना छान?"

"अहो, उलटं जोडलंय मी! डावं खाली, उजवं वर. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं पहिल्याच वेळी. पण मला हेच बरं पडतंय. राहू दे असंच."

राहू दे! पंचवीस वर्षांत एक टाका चुकला तर सबंध सीट उसवून पुन्हा शिवणारी बाई मी. आणि यांच्या परीक्षेच्या गाडीत माझी चूक तशीच ठेवू? भाऊजींना फोन केला तर ते पोट धरधरून हसले, आणि मग म्हणाले, "बदला मात्र वहिनी. परीक्षक बघतो ना. सगळ्या गाड्यांना एकच रीत असते."

हे दिवसभर माझ्या मागे मागे. "कशाला पुन्हा उघडतेस? मोडेल काही तरी." "मला सवय झालीय आता." "परीक्षकाला काय कळतंय?" मी म्हटलं, तीन खेपांत सवय झाली, तर उद्या सकाळी आणखी तीन खेपा करू, हीही होईल. संध्याकाळच्या आत मी चाक पुन्हा उतरवलं, वायरी बदलल्या, चारदा तपासल्या. हे वर जाऊन बसले. खिडक्या उघडल्याचे आवाज आले नाहीत, नळही कोणी सोडला नाही. मला वाटलं, रुसलेत. म्हटलं, रुसू देत.

गुरुवारी साडेनऊला आम्ही पुन्हा टाकीमागच्या उताराच्या माथ्यावर होतो. हे इस्त्रीचा शर्ट घालून. सगळी बटणं नीट लागलेली.

"डावं खाली," मी म्हटलं.

"माहितेय."

उतार सुरू झाला. तिनाचा आकडा. गाडी वेग धरायला लागली. मी वाट बघतेय, आता ओढतील, आता ओढतील. यांचं डावं बोट पॅडलवर होतं, मला दिसत होतं, पण ते तिथे नुसतं टेकलेलं होतं. आकडा तीनच. वळण समोर आलं, दगडी कठडा समोर आला, आणि यांनी मान खाली घालून आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

पाहिल्याबरोबर बोट हललं. पॅडल ओढलं गेलं. पण तेवढ्यात गाडी कठड्याकडे गेली होती. खालून येणारा एक सायकलवाला किंचाळून बाजूला उडाला. मी एका हातानं स्टीअरिंग ओढलं, दुसऱ्यानं हँडब्रेक. टायर दगडाला खरडत गेला आणि आम्ही थांबलो. सायकलवाल्यानं काचेवर हात आपटून आमच्या दोघांच्या खानदानाचा उद्धार केला. मी पहिल्यांदाच कुणाचं तरी सगळं ऐकून घेतलं. तो गेला.

मग मी यांच्यावर ओरडले. "समोर बघायचं सोडून हाताकडे काय बघता? हात काय पळून जाणार आहे?"

यांनी इंजिन बंद केलं. मग अगदी हळू म्हणाले, "परत उलटं कर ना. काल होतं तसं. तुझी पिशवी आहे ना मागे? अर्धा तास पुरेल तुला."

"कशाला?"

"उजव्यानं जमतं मला. काल बघितलंस ना तू. परीक्षकाला सांगू, माझी अशी सवय आहे."

मी हत्यारांची पिशवी पुढे ओढली. खरंच ओढली, बॅटरी काढायला पानासुद्धा हातात घेतला. उलटं केलं तर हे पास होणार यात मला तिळमात्र शंका नव्हती. काल लोण्यासारखी गाडी आणली होती. परीक्षक सही करेल, सोमवारी हे शीळ घालत निघतील, आणि माझ्या मागे कोणी उभं राहणार नाही. पाच महिने मी दुसरं काही मागितलंच नव्हतं.

पण पाना हातात धरून मी थांबले. चेंडू डोळ्यांसमोर धरून. बटणं आरशात बघून. बशी पडली ती दाराबाहेर बघताना. सीटवर हात फिरवून सुटलेला एक टाका शोधणारी मी, आणि माझ्याच घरातलं हे मला पाच महिने दिसलं नाही. चिडायचं होतं ते स्वतःवर, आणि ते मला कधीच नीट जमलेलं नाही.

"तुमचा डावा हात द्या इकडे," मी म्हटलं.

"आता काय?"

"द्या. आणि समोर बघा. रस्त्याकडे. माझ्याकडे नाही, हाताकडे नाही."

यांनी हात माझ्या मांडीवर ठेवला आणि काचेतून समोर बघितलं. पिशवीतून मी अंगुस्तान काढलं, यांच्या तळव्यावर ठेवलं आणि एकेक बोट त्यावर मिटवलं. मूठ घट्ट मिटली. ताकद होती हातात, डॉक्टर काही खोटं बोलले नव्हते.

"काय आहे हातात?"

हे समोर बघत राहिले. कपाळाला आठ्या पडल्या. खाली शाळेची मुलं घेऊन चाललेली बस वळणावरून वर येत होती, ती जाईपर्यंत हे विचार करत होते.

"अजून काही ठेवलंच नाहीस तू," हे म्हणाले.

माझा हात अजून यांच्या मुठीवर होता, आणि यांना तोही कळत नव्हता. काही तरी चुकलंय एवढं मात्र यांना उमगलं असावं. यांनी मान वळवली, खाली पाहिलं, मूठ उघडली. अंगुस्तान तळव्यात पडलं होतं. पितळेच्या काठाचा गोल वण कातडीवर उठला होता, इतकं घट्ट धरलं होतं.

यांनी उजव्या बोटानं तो वण दाबून पाहिला.

"पिवळी माझ्याच मागे बसते," मग म्हणाले.

"हो."

"तिला शिंक आली तरी मागून माझा शर्ट धरते."

"माहितेय मला."

मला यांना सांगायचं होतं की काही होत नाही, काही तरी दुसरं काम बघू, भाऊजींकडे बघू. पण यांच्या चेहऱ्याकडे बघून मला तसलं काही बोलायची हिंमत झाली नाही. माझा जीव तुटत होता आणि मी नुसती पाना पिशवीत घालत होते, काढत होते, पुन्हा घालत होते.

यांनी दार उघडलं. गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार धरून उभे राहिले. मला गाडी चालवता येते, गिऱ्हाइकांच्या गाड्या मीच दुकानात आत-बाहेर करते. पण यांच्या गाडीच्या चाकामागे बसायची परवानगी मला अठरा वर्षांत मिळाली नव्हती.

"सरक तिकडे. अकरा वाजता पोचायचंय."

"आता कशाला जायचं?"

"सांगायला. आणि परवाना द्यायला. मी बोलेन, तू मध्ये तोंड घालू नकोस."

मी सरकले. सीट पुढे घेतली, आरसा फिरवला. हे शेजारी बसले, पट्टा लावताना खाली बघून लावला, आता लपवायचं काही नव्हतं. अंगुस्तान उजव्या हातानं माझ्या बोटात घालून दिलं. मी गाडी कठड्यापासून काढली. पुढे उतार होता, पहिल्यापेक्षा मोठा, आणि खाली दुसरं वळण.

यांचा उजवा पाय रिकाम्या फरशीवर दाबला गेला. या वेळी मी पाहिलं.

"अजून नको," हे म्हणाले. डोळे समोर रस्त्यावर. "अजून नको... थांब... आता. डावं."

मी ओढलं. आकडा तिनाचा दोन झाला.